दोष हवेचा की हाताचा? – विमानाच्या चिकटवलेल्या सांध्यांची गोष्ट

१९४४ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिंदुस्थान व ब्रह्मदेश आघाडीवरील ब्रिटिश हवाईदलापुढे एक कोडे उभे राहिले. त्यांच्या ‘मॉस्किटो’ जातीच्या विमानांना लागोपाठ काही अपघात झाले, आणि त्यांत पंखांची रचनाच हवेत निकामी झाली असावी असा संशय आला. मॉस्किटो हे त्या काळातील अतिशय वेगवान विमानांपैकी एक होते आणि ते मुख्यतः लाकडाचे होते. बर्चच्या पातळ प्लायवूडचे दोन थर, मध्ये आपल्या सावरीच्या नात्यातल्या बाल्सा या हलक्या झाडाचे लाकूड, अशी त्याच्या धडाची भिंत होती. ही सारी रचना एकसंध ठेवण्याची मुख्य भिस्त होती ती डिंकावर.

साहजिकच पहिला संशय डिंकावर आणि दुसरा आपल्या मोसमी हवेवर गेला. इकडच्या कडक उन्हाने आणि पावसाने सांधे उकलले असतील, असे बोलले जाऊ लागले. मेजर हेरवर्ड डी हॅविलंड यांच्या नेतृत्वाखाली एक पथक इकडे आले. डिंक कुजल्यामुळे नव्हे, तर पावसाळी हवेत लाकडी सांगाडा आकसल्यामुळे अपघात झाले, असा अहवाल त्याने डिसेंबर १९४४ मध्ये दिला. थोडक्यात, दोष हवेचा!

परंतु पुढच्या चौकशांत वेगळेच चित्र दिसले. विमान उत्पादन मंत्रालयाच्या तपासनिसांनी इंग्लंडमध्येच असलेली विमाने उघडून पाहिली. ती मोसमी हवेत कधी गेलीच नव्हती, त्यांना वाळवीही लागलेली नव्हती; तरीही त्यांच्यात तशाच प्रकारचे दोष सापडले. चिकटवण्याचे काम ज्या दर्जाचे व्हायला हवे होते त्या दर्जाचे ते झालेले नव्हते. म्हणजे दोष कारखान्यातल्या हाताचा होता. तरीसुद्धा ‘अपघात मुख्यतः हवामानामुळे’ ही समजूतच अधिकृतपणे पुढे चालू ठेवण्यात आली.

शिक्षकमित्रांनो, हा प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. चिकटवलेला सांधा बाहेरून पाहून चांगला की वाईट हे कळत नाही. तो निकामी झाला की मग सोयीचे कारण पुढे येते. म्हणून डिंकाचे काम नेमके कसे चालते आणि ज्या खोलीत ते करायचे तिचा त्याच्याशी काय संबंध, हे इतिहासाच्या आधाराने पाहू. चिकटवणाऱ्या पदार्थांना शास्त्रीय परिभाषेत ‘आसंजक’ म्हणतात. येथे सोयीसाठी आम्ही ‘डिंक’ हाच घरगुती शब्द वापरणार आहोत.

खिळा, रिव्हेट आणि डिंक

लाकूड जोडायचे तर खिळे मारावेत; मग विमानात डिंक कशाला? कारण खिळा लाकडाच्या एका बिंदूवर भार देतो आणि त्यासाठी लाकडाला भोकही पाडतो. पातळ, हलक्या फळीत तेथूनच चीर जाते. डिंक हाच भार सांध्याच्या सबंध पृष्ठभागावर वाटून देतो. वजन वाढत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहतो.

धातूच्या विमानाची गोष्ट वेगळी. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले, हे अनेकांना आठवत असेल. ते धातूचे आहे. धातूच्या पत्र्यांचे रिव्हेट मोजता येतात, डोळ्यांनी व बोटांनी तपासता येतात, बिघडलेला काढून दुसरा बसवता येतो. डिंकाच्या सांध्याला ही सोय नाही. एकदा दोन पृष्ठभाग मिटले की आत काय झाले ते झाकले जाते. म्हणून हौशी विमानकर्त्याने लाकूड किंवा काचतंतू निवडले, तर त्याची खरी कसोटी हत्यारांपेक्षा त्याच्या शिस्तीची असते.

सरस, कॅसिन आणि पाणी

आपल्या सुतारांचा जुना डिंक म्हणजे सरस. जनावरांचे कातडे व हाडे उकळून तो बनतो. गरम लावायचा, थंड झाला की धरतो. तंतुवाद्ये जोडण्याच्या कामात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे. वाद्य दुरुस्त करायचे असेल तेव्हा ऊब आणि ओल दिली की सांधा सुटतो, हा तेथे त्याचा गुण ठरतो. विमानात मात्र हाच गुण जीवघेणा!

म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी कॅसिनचा डिंक मोठ्या प्रमाणावर आला. साय काढलेल्या दुधात आम्ल घातले की जो चोथा वेगळा होतो त्यातले मुख्य प्रथिन म्हणजे कॅसिन. ते धुऊन, वाळवून, दळून त्यात चुना व अल्कधर्मी क्षार मिसळतात. पाण्यात कालवले की डिंक तयार. तो थंडच लावता येतो आणि सरसापेक्षा ओलीला जास्त टिकतो. पण ‘जास्त टिकतो’ म्हणजे ‘कायम टिकतो’ नव्हे. ओल मुरत राहिली तर तो मऊ पडतो. शिवाय प्रथिन असल्यामुळे बुरशी आणि जिवाणू यांना ते आयते खाद्यच.

ओल मुरलेला सांधा काय करू शकतो हे ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात दिसले. लाकडी पंखांचे फोकर एफ-१० हे प्रवासी विमान हवेत पंख तुटून कोसळले आणि आतील आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांत नूट रॉकनी हे लोकप्रिय फुटबॉल-प्रशिक्षक होते. त्यामुळे देशभर खळबळ उडाली. पंखाच्या आत पाणी मुरून चिकटवलेले सांधे दुबळे झाले असावेत, असा निष्कर्ष निघाला. सांधे बाहेरून दिसत नव्हते. पंख उघडल्याशिवाय तपासताही येत नव्हते. प्रवासी विमाने धातूची करण्याकडे कल झपाट्याने वाढण्यास या अपघाताने हातभार लावला.

केंब्रिजचा विमानवेडा

पाण्याला न जुमानणारा डिंक शोधण्याची गरज ज्यांना आतून जाणवली त्यांत नॉर्मन डी ब्रुइन हे एक होते. ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे फेलो. विमान चालवायला शिकले आणि मग स्वतःच्या कल्पनेप्रमाणे विमान बांधण्याचे त्यांच्या मनाने घेतले. प्लायवूडचे त्यांचे चार आसनी ‘स्नार्क’ विमान डिसेंबर १९३४ मध्ये उडाले. लाकडी विमान स्वतः बांधल्यामुळे त्याचा कच्चा दुवा डिंकात आहे हे त्यांना उमजले. डक्सफर्ड येथील आपल्या ‘एरो रिसर्च’ या छोट्या कंपनीत त्यांनी युरिया व फॉर्मल्डिहाइड यांपासून बनणाऱ्या रेझिनवर काम केले आणि १९३७ मध्ये ‘एरोलाइट’ हा डिंक बाजारात आणला.

यातले रसायनशास्त्र वर्गात सहज सांगता येईल. सरस थंड होऊन गोठतो. ऊब दिली की पुन्हा वितळतो. एरोलाइट गोठत नाही, त्याची अभिक्रिया होते. आम्लाच्या साह्याने त्याचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन त्रिमितीय जाळे बनते. हे जाळे पाण्यात विरघळत नाही, बुरशीलाही खाता येत नाही. मॉस्किटोच्या उत्पादनात सुरुवातीला कॅसिन होते. पुढे त्याची जागा या कृत्रिम डिंकाने घेतली.

मात्र चांगला डिंक म्हणजे चांगला सांधा नव्हे. त्याच वर्षी, १९४४ मध्ये, जर्मनीच्या टीए-१५४ या लाकडी विमानालाही अपघात झाले. त्याच्यासाठी वापरायच्या ‘टेगो’ डिंकाचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता. घाईने वापरलेल्या पर्यायी डिंकातील आम्लाने लाकूडच खाल्ले आणि सांधे सुटले. डिंक, लाकूड, आम्ल, दाब, तापमान, ओल या सर्वांचा मेळ बसला तरच सांधा बसतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील घाटगे

याच काळात आपल्याकडेही विमाने बांधण्याची सुरुवात होत होती. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली. तेथे विमानाच्या आराखड्याचे काम ज्यांनी उभे केले ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे. जन्म १९०८ चा. जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. प्रांटल म्हणजे वाहत्या हवेचा पृष्ठभागालगतचा पातळ थर कसा वागतो हे प्रथम नीट सांगणारे शास्त्रज्ञ.

युद्धकाळात घाटगे यांनी दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. सैन्य वाहून नेणारी त्या वेळची ब्रिटिश ग्लायडरे लाकूड आणि प्लायवूड यांचीच असत, म्हणजे डिंकाचा प्रश्न हा त्या पिढीतल्या प्रत्येक आराखडाकाराच्या टेबलावरचा प्रश्न होता. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. भारतात आराखडा होऊन भारतात बनलेले हे पहिले इंजिनाचे विमान. ते धातूचे होते.

पण लाकूड आणि डिंक विमानविद्येतून गेले नाहीत. ते हौशी माणसांच्या घरात गेले. स्वतःचे विमान स्वतः बांधणाऱ्यांची संघटना अमेरिकेत १९५३ मध्ये स्थापन झाली. १९७५ मध्ये बर्ट रुटान यांच्या ‘व्हॅरीईझी’ विमानाने आणखी एक वाट दाखवली: फोमचा गाभा आकार देऊन कापायचा, त्यावर काचतंतूचे कापड अंथरायचे आणि ते एपॉक्सी रेझिनने भिजवून घट्ट होऊ द्यायचे. येथे तर डिंक केवळ सांधा राहिला नाही. विमानाच्या अंगाचाच तो भाग झाला. आणि हे काम होऊ लागले मोटार ठेवण्याच्या खोलीत.

खोली हेही एक हत्यार

आता असे समजू की घाटग्यांच्या कोल्हापुरातच एखाद्या हौशी मंडळाने घरातल्या मोठ्या खोलीत लाकडी पंख जोडायला घेतला आहे. कोणत्या महिन्यात काम करावे?

लाकूड सभोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर त्यात सुमारे १२ टक्के पाणी राहते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की २० टक्क्यांच्या आसपास. ३० टक्क्यांवर उतरली की ६ टक्केच. कोल्हापूरच्या जुलैत आणि एप्रिलच्या दुपारी साधारण एवढाच फरक पडतो. पाणी कमी झाले की लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, पण आडवे आकसते. वर्षवलयांना समांतर कापलेल्या फळीत दर १ टक्का पाण्यामागे साधारण पाव टक्का. जुलैत १८ टक्के पाणी असताना जोडलेली २०० मिलीमीटर रुंदीची फळी उन्हाळ्यात ८ टक्क्यांवर आली, तर ती अडीच टक्के, म्हणजे ५ मिलीमीटर आकसू पाहील. तिच्यावर आडव्या तंतूंचे प्लायवूड चिकटवलेले असेल तर ते तिला आकसू देणार नाही. हा सारा ताण सांध्यावर येईल. मॉस्किटोच्या पहिल्या अहवालातला ‘आकसण्याचा’ मुद्दा खोटा नव्हता. मात्र नीट जोडलेला सांधा असा बराच ताण सोसतो, अर्धवट जोडलेला सोसत नाही.

तापमानाचेही तसेच. साधारणपणे दर १० अंशांना अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. २० अंशांना जो डिंक तासभर लावता येतो तो ४० अंशांना पाव तासात हातातच घट्ट होऊ लागेल. एपॉक्सीची अभिक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते. म्हणून मोठ्या वाटीत खूप कालवले तर ते तापून धूर येईपर्यंत मजल जाते. पसरट भांड्यात, थोडे थोडे कालवावे. दमट हवेत काही एपॉक्सींच्या पृष्ठभागावर हवेतील बाष्प व कार्बन डायॉक्साइड यांच्यामुळे मेणचट पापुद्रा येतो. तो धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही.

आणखी एक गैरसमज येथे दूर करावा. ‘हार्डनर जास्त घातला की लवकर आणि पक्के बसते’ असे अनेक जण मानतात. एरोलाइटमधले आम्ल उत्प्रेरकाचे काम करते. एपॉक्सीचा हार्डनर मात्र स्वतःच त्या जाळ्याचा भाग बनतो. तो जास्त झाला तर उरलेले रेणू जोडीविना राहतात आणि जाळे मऊ राहते. तसेच फर्निचरचा पांढरा डिंक, ज्याला आपण सर्रास फेविकॉल म्हणतो, तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या थर्मोप्लास्टिकचा असतो. कपाटाला तो उत्तम. पण सतत भाराखाली व उष्णतेत तो हळूहळू सरकतो, म्हणून विमानाच्या भार पेलणाऱ्या सांध्यांना चालत नाही. खोलीच्या तापमानात घट्ट केलेले एपॉक्सीही साधारण ६०-७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. उन्हात उभी असणारी अशी विमाने पांढरी रंगवतात ती सौंदर्यासाठी नव्हे.

सांध्याला बंद खोली, माणसाला उघडी

पावसाळ्यात सांध्यासाठी खिडक्या बंद कराव्यात, तर आतल्या माणसाचे काय? विमानाच्या इतिहासात हा प्रश्नही प्राण मोजून शिकावा लागला. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस पंखांवरचे कापड ताणून बसवण्यासाठी जे सेल्युलोजचे रोगण लावत त्यात टेट्राक्लोरोएथेन हा द्रावक असे. कोंदट शेडमध्ये ते लावणाऱ्या कामगारांना, त्यांत अनेक स्त्रिया होत्या, कावीळ होऊ लागली. काही जण दगावले. मग तो द्रावक मागे घ्यावा लागला.

आजच्या हौशी कामगारालाही हे लागू आहे. रबरी डिंकातील टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते. डोके गरगरते आणि एखाद्या ठिणगीने पेटही घेते. युरिया-फॉर्मल्डिहाइडमधून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडने डोळे व घसा चुरचुरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. एपॉक्सीला फारसा वास नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण त्वचेला वारंवार लागले तर काहींना कायमची ॲलर्जी जडते. पुढे अगदी थोड्या संपर्कानेही अंगावर पुरळ उठते. हातमोजे हवेतच, आणि हात द्रावकाने न धुता साबणाने धुवावेत.

मग खिडकी उघडी की बंद? यावर साधा तोडगा आहे. खोली कोरडी ठेवण्याऐवजी लाकूड कोरडे ठेवावे. २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातले बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. बल्ब लावलेल्या बंद कपाटात हे सहज साधते. चिकटवताना मात्र खिडक्या उघड्या आणि पंखा हवा बाहेर फेकणारा असावा. सर्वांत उत्तम म्हणजे पावसाळ्यात नकाशे, साचे, कापाकापी करावी आणि महत्त्वाचे सांधे दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जोडावेत.

नमुना मोडून पाहा

न दिसणारा सांधा तपासायचा कसा, याचे उत्तर हौशी विमानकर्त्यांनी फार पूर्वीच शोधले आहे. कालवलेल्या प्रत्येक वाटीतला थोडा डिंक घेऊन ते त्याच लाकडाचे दोन छोटे तुकडे जोडतात, त्यावर तारीख, तापमान व आर्द्रता लिहितात आणि घट्ट झाल्यावर तो नमुना मुद्दाम मोडतात. लाकूड फाटले आणि डिंकाची रेषा शाबूत राहिली, तर काम चांगले. डिंकाच्या रेषेतच स्वच्छ सुटला, तर त्या वाटीतून केलेला खरा सांधाही उखडून पुन्हा करायचा, मग त्यासाठी महिन्याभराचे श्रम वाया गेले तरी बेहत्तर. हा नमुना म्हणजे पंखाच्या आत दडलेल्या सांध्याचा साक्षीदारच.

हाच प्रयोग वर्गात करता येईल. साय काढलेले कपभर दूध गरम करून (उकळू नये) त्यात दोन चमचे व्हिनेगर घाला. चोथा गाळून पिळून घ्या. त्यात थोडे पाणी आणि चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घालून, बुडबुडे थांबून गुळगुळीत होईपर्यंत घोटा. हा झाला साधा कॅसिन-डिंक. आइस्क्रीमच्या काड्यांच्या जोड्या २ सेंटीमीटर एकमेकींवर ठेवून चिकटवा व रात्रभर वजनाखाली ठेवा. चार गट करा. पहिल्या गटात स्वच्छ, कोरड्या काड्या. दुसऱ्यात आदल्या रात्री पाण्यात भिजवलेल्या. तिसऱ्यात तेलकट बोट फिरवलेल्या. चौथ्या गटात पहिल्यासारख्याच नीट जोडलेल्या, पण नंतर आठवडाभर बंद डब्यात पाण्याच्या वर जाळीवर ठेवलेल्या. प्रत्येक गटात निदान पाच जोड्या असाव्यात. मग एकेका जोडीला छोटी बादली टांगून त्यात वाळू ओतत जा. सांधा सुटला की वाळूचे वजन करा आणि तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली पाहा: फाटले ते लाकूड की डिंक?

दुसरा आणि तिसरा गट हाताचा दोष दाखवतो, चौथा हवेचा. या दोन्ही प्रकारच्या दोषांची वजने शेजारी शेजारी फळ्यावर लिहा आणि मग विद्यार्थ्यांना मॉस्किटोची हकिकत सांगा. इंग्लंडातली विमाने उघडणाऱ्या तपासनिसांनी नेमके काय केले हे त्यांना लगेच कळेल: हवा वगळून पाहिली, दोष तरीही शिल्लक राहिला. पहिला गट हाताशी असल्याखेरीज ‘पावसाने बिघडले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नसतो. विमानाच्या कारखान्याला नाही आणि प्रयोगवही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही नाही.